मांडव दारातून हायवेवर कसा गेला?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सावकाश वाचा. यंदा ज्यांच्या घरात लग्न आहे त्यांनी तर वाचाच.

परवा रात्री दादाने माझ्यासमोर एक शंभर पानी वही ठेवली. पुतणीचं लग्न ठरलंय. वहीत तीन पानं, तीन जागा. पहिली हायवेवरचं लॉन, दुसरी गावातला मांडव, तिसरी आळंदी. वर लाल पेनाने लिहिलेलं, "पाच लाख. वर जायचं नाही."

त्याने विचारलं, "तू एवढा इतिहास वाचतोस ना? मग सांग, आपल्या बापजाद्यांनी हा कार्यालयाचा घोळ कसा निस्तरला?"

मी म्हणालो, "दादा, त्यांच्यापुढे हा घोळ नव्हताच."

तो हसला. पण मला झोप लागली नाही. खरंच, लग्न कुठे करायचं हा प्रश्न आपल्याकडे कधी आणि कसा आला? आपल्या आजीच्या लग्नात हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघालाच नसेल. लग्न दारात. मुलीचं दार, नाहीतर मुलाचं दार. तिसरी जागा नाही.

मांडव म्हणजे काय होतं ते आठवून बघा. मेढी कुणाच्या तरी रानातल्या. वर आंब्याचे, जांभळीचे, उंबराचे डहाळे. मांडव घालायला भावकीतली पोरं. तळवटाला घोंगड्या, सतरंज्या अख्ख्या आळीतून गोळा केलेल्या, म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यावर खूण. मोठी पातेली, घंगाळं, पराती गावकीच्या. ज्याच्या घरी कार्य, त्याने न्यायची आणि घासून परत द्यायची. दूध ज्याच्या गोठ्यात असेल त्याच्याकडून. पत्रावळी घरी लावलेल्या. पाहुण्यांची बैलं शेजाऱ्याच्या दावणीला आणि वऱ्हाडाचा जानवसा समोरच्या घरात. वाढपी म्हणजे गावातलीच तरणी पोरं.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे पडत नव्हते. पण त्या फुकटही नव्हत्या, हे लक्षात घ्या. आज तू माझ्याकडे मेढी पुरल्यास, उद्या मी तुझ्याकडे पुरणार. आहेराची वही कशाला होती? कोणी काय दिलं ते लिहायचं, आणि त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढं नाहीतर थोडं चढवून परत करायचं. ती एक प्रकारची भिशीच होती. फक्त भिशीत पैशाबरोबर कष्ट, भांडी, दूध आणि वैरणही होती.

म्हणजे पूर्वी लग्न स्वस्त होतं असं नाही. खर्च गावावर विभागलेला होता आणि बराचसा वस्तूंत होता. आज तोच सगळा खर्च एकट्या बापाच्या खिशातून रोख जातो. माझ्या मते हा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. पुढचं सगळं त्याचाच तपशील.

पण थांबा. "जुनं ते सोनं" म्हणायला मी बसलेलो नाही.

त्याच मांडवात पंगती जातीप्रमाणे बसत. काहींना मांडवात जागाच नव्हती, त्यांनी बाहेर थांबायचं आणि उरलेलं घ्यायचं. बायका चार-चार दिवस चुलीपुढे असायच्या आणि सगळ्यांत शेवटी जेवायच्या. नवरा-नवरीचं वय तर विचारूच नका. मुलीचं वय किमान चौदा असावं एवढं म्हणणारा शारदा कायदा यायला १९२९ साल उजाडलं. त्यामुळे मांडवाचं कौतुक करताना मांडवाबाहेर कोण उभं होतं तेही आठवायचं.

आणि मोठ्यांच्या लग्नाचा थाट तेव्हाही होताच. सवाई माधवरावांचं लग्न १७८३ साली पुण्यात झालं. व्यवस्था नाना फडणविसांची. कोणी कुठे बसायचं, कोणाचा मान कसा राखायचा, वाढायचं कसं, याच्या बारीकसारीक सूचना नानांनी करून ठेवल्या होत्या. आजच्या भाषेत ते आपले सगळ्यांत मोठे इव्हेंट मॅनेजर. पण तिथे खर्च दरबाराचा होता आणि लग्न हे राज्याचं शक्तिप्रदर्शन होतं. गंमत अशी की राज्य गेलं, प्रदर्शन मात्र आपल्या अंगात राहिलं.

आता कर्जाकडे येऊ. कारण लग्नाच्या जागेचा विषय शेवटी कर्जापाशीच येतो.

१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातलं सुपे. बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. तेव्हाच्या साहेबलोकांचं आवडतं म्हणणं असं, की कुणबी लग्नात पैसे उडवतो म्हणून बुडतो. आजही टीव्हीवर हेच ऐकू येतं.

पण आयोगाने वेगळंच लिहिलं. लग्नखर्चाला नको तेवढं महत्त्व दिलं जातंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त असतो खरा, पण लग्न रोज नसतं. कर्जाची मुळं दुसरीकडे होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं आणि कापसाचे चढलेले भाव कोसळले. त्यातच जमिनीचा सारा वाढवला गेला. वर व्याजाचे दर आणि कोर्टाचे हुकूमनामे. लग्न हे त्या ओझ्यावरचं आणखी एक ओझं होतं.

हे मी मुद्दाम सांगतोय. शेतकऱ्याला "लग्नात उधळता म्हणून मरता" असं म्हणणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वी सरकारी आयोगानेच उत्तर दिलंय. कांद्याला भाव नाही, टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ येते, तेव्हा बोट फक्त मांडवाकडे दाखवायचं नाही.

पण म्हणून मांडवाचा हिशोब सोडून द्यायचा, असंही नाही. आणि तो सगळ्यांत स्वच्छ मांडला तो आपल्याच जिल्ह्यात.

२४ सप्टेंबर १८७३ ला जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. सावित्रीबाई पुढे होत्या. भटजी नाही, हुंडा नाही. खर्च काय, तर पानसुपारीचा. वधू-वरांनी एकमेकांना वचन द्यायचं आणि जमलेल्यांनी साक्षी राहायचं. लग्नाला नेमकं काय काय लागतं, याचं हे सगळ्यांत छोटं उत्तर आहे. दोन माणसं, त्यांचा शब्द आणि साक्षीदार.

आणि आपल्या ओतूरचं काय, ते किती जणांना माहिती आहे? १८८४ च्या सुमारास ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न पुरोहिताशिवाय लावलं. ग्रामजोशी कोर्टात गेले. हक्काची दक्षिणा बुडाली, ही तक्रार. प्रकरण थेट मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. विचार करा, त्या काळात ओतूरहून मुंबईपर्यंत कोर्टकचेरी! एका साध्या लग्नासाठी!

मला या खटल्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लग्नातला प्रत्येक खर्च ही दुसऱ्या कुणाची तरी मिळकत असते. त्यामुळे तुम्ही एक खर्च कापायला गेलात की कोणीतरी रागावणारच. तेव्हा दक्षिणा होती. आज डीजे, ड्रोन, एंट्रीचा धूर, फेट्यांचं कंत्राट. "एवढं तर सगळेच करतात" हे वाक्य बऱ्याचदा विकणाऱ्याचं असतं, आपण ते आपलं समजतो.

पुढे गाडगे महाराज गावोगाव हेच सांगत फिरले. कर्ज काढून लग्न करू नका. त्यांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, पण पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. तुकडोजी महाराजांनीही लग्नातल्या उधळपट्टीवर ग्रामगीतेत कोरडे ओढले. ऐकलं किती जणांनी, हा भाग वेगळा. कीर्तनात मान डोलवायची आणि घरी येऊन बँडवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा, ही आपली जुनी सवय.

मग लग्नं छोटी झाली ती कधी? उत्तर जरा बोचरं आहे. टंचाईत.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत १९४३ ला रेशनिंग आलं. स्वातंत्र्यानंतरही धान्य कमी पडलं, आणि पुढे साठच्या दशकात अनेक राज्यांत पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी मर्यादा होत्या. अमुक माणसांपेक्षा जास्त लोकांना जेवण वाढलं तर गुन्हा.

आणि १९७२ चा दुष्काळ. आमच्या आईवडिलांचं लग्न १९७३ च्या उन्हाळ्यातलं. आईचं माहेर पारनेरकडचं. आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. आई अजून सांगते, "साठेक माणसं होती. मिलोच्या भाकरी, आमटी आणि गूळ. पाण्याची घागर आणली तो मोठा आहेर." मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, जुन्या लोकांना तिची चव आठवत असेल. त्या वर्षी साधं लग्न केलं म्हणून कोणी कोणाला नावं ठेवली नाहीत. कारण सगळ्यांच्याच घरी तेच होतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता मांडव दारातून उठला कसा, ते बघू. सुरुवात शहरात झाली. पुण्यात पेठेतल्या वाड्यांना चौक होते. त्या चौकातच मुंजी आणि लग्नं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले. उरलेले वाडे हळूहळू पाडले गेले, त्या जागी फ्लॅट आले. फ्लॅटला हॉल असतो, चौक नसतो. दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाने दोनशे माणसांची पंगत कुठे बसवायची? मुंबईत चाळीच्या गॅलरीत, गच्चीवर, शाळेच्या पटांगणात भागवलं. पुण्यात मंगल कार्यालयं वाढली.

आता एक उलटी गोष्ट सांगतो. कार्यालयाने सुरुवातीला लग्न महाग नाही, आटोपशीर केलं. चार दिवसांचं लग्न एका दिवसावर आलं. सकाळी सहाला ताबा, दुपारी चारला किल्ली परत. संध्याकाळी दुसरी पार्टी दारात उभी, त्यामुळे रेंगाळायची सोयच नाही. भांडी तिथलीच, आचारी ठरलेला. मसालेभात, मठ्ठा, जिलेबी, अळूची भाजी. ताटाचा दर ठरलेला. घरातल्या बायका पहिल्यांदा घरच्याच लग्नात साडी नेसून बसल्या. हे छोटं सुख नव्हतं. आणि कार्यालयात पंगतीत शेजारी कोण बसलंय, हे विचारणं हळूहळू अवघड झालं. पूर्ण बंद झालं असं नाही म्हणणार, पण अवघड झालं.

मग आपल्याकडे, जुन्नर-आंबेगाव-खेड पट्ट्यात ते आलं कसं? मला दिसलं ते सांगतो. नव्वदनंतर हातात गाड्या आल्या. पोरं चाकणला, भोसरीला कामाला गेली. म्हणजे मेढी पुरणारे आणि पंगत वाढणारे हातच गावातून उठले. लग्नाला सुट्टी एक दिवसाची. सकाळी यायचं, रात्री परत. मग गावातला मांडव ओढणार कोण? दुसरीकडे हायवेला लागून असलेल्या जमिनीत ऊस-कांद्यापेक्षा लॉन परवडायला लागलं. आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्ते एकमेकांना छेदतात, तिथून चारी दिशांना बघा. जिथे बाजरी होती तिथे कमानी आहेत.

आणि तिसरं कारण, ज्यावर कोणी बोलत नाही. राजकारण. आपलं लग्न ही आता अर्धी सभा असते. स्टेजवर माईकवाला. अमुक माजी सदस्य, तमुक विद्यमान चेअरमन, सगळ्यांचं स्वागत, शाल, फेटा. मुहूर्त बारा पस्तीसचा, साहेब येतात दीडला, मंगलाष्टका तोवर ताटकळतात. भर उन्हात लेकरं रडतात आणि ताटं गार होतात. ज्या लग्नाला पुढारी हवेत त्या लग्नाला पार्किंग हवं, पार्किंग हवं म्हणून लॉन हवं. दीड हजार माणूस बोलवायचा, कारण त्याच्या लग्नात आपण होतो. आहेराची वही गेली, हजेरीची वही आली.

म्हणजे काय झालं बघा. जुन्या मांडवातली देवाणघेवाण तशीच राहिली, पण तिच्यातले कष्ट, भांडी आणि दूध गळून गेलं. उरली फक्त माणसांची संख्या. मदत परत येत नाही, पाहुणे मात्र परत येतात. जेवायला.

मध्ये कोरोना आला. आधी पन्नास माणसांची मर्यादा. मग एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राज्यात नियम असा झाला, की लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, पंचवीस माणसांत उरकायचं, नाहीतर पन्नास हजार दंड. माणसं गेली, रोजगार गेले, त्या काळाचं कौतुक कोणी करणार नाही. बँडवाले, आचारी, मंडपवाले यांची तर उपासमार झाली. पण त्या दोन वर्षांत किती बापांनी गुपचूप नि:श्वास सोडला, तेही आपण पाहिलंय. पुन्हा तेच कारण. सगळ्यांनाच मर्यादा होती, म्हणून कुणाची लाज गेली नाही.

आणि मर्यादा उठली तसे आपण दुप्पट वेगाने परत आलो. हळद वेगळी, संगीत वेगळं, प्री-वेडिंग वेगळं.

२०२५ मध्ये पुण्याजवळ एका सुनेचा जीव गेला. ते लग्न किती थाटात झालं होतं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, तरी हे. त्यानंतर ठिकठिकाणी मराठा समाजाच्या बैठका झाल्या, आचारसंहिता ठरल्या. माणसं मोजकी, डीजे नको, सत्कार नकोत, हुंडा नको. ठराव चांगले आहेत. पण ठराव करणाऱ्यांच्या घरची लग्नं कुठे होतात, याकडे लोकांचं लक्ष असतं, एवढंच नम्रपणे सांगतो.

आता पुन्हा दादाच्या वहीकडे.

पहिलं पान, हायवेचं लॉन. भाडं दीड लाख, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ७७ हजार. ताट २२० रुपये, माणूस १२००, म्हणजे २ लाख ६४ हजार. डेकोरेशन ८० हजार, आणि ते त्यांच्याच माणसाकडून घ्यायचं अशी अट. जनरेटर आणि साफसफाई २५ हजार. बेरीज ५ लाख ४६ हजार. अजून पाण्याच्या बाटल्या, फेटे, फोटो, कपडे, सोनं यांचं नावही नाही.

दुसरं पान, गावातला मांडव. मंडप ६० हजार. किराणा माणशी ११० धरून १ लाख ३२ हजार. आचाऱ्याची मजुरी ३५ हजार. भांडी १५, टँकर आणि फिरती शौचालयं १२, जनरेटर १५, स्टेज ३० हजार. वाढपी आता विकतच आणायचे, त्यांचे १८ हजार. बेरीज ३ लाख १७ हजार.

तिसरं पान, आळंदी. सव्वाशे माणसं, एक दिवस, हॉल आणि जेवण मिळून एक लाखाच्या आत.

आळंदीचं मला नेहमी नवल वाटतं. ज्या विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून परत संसार केला म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं, त्यांच्या लेकराच्या समाधीच्या गावात आज साध्या माणसाचा संसार कमी पैशात उभा राहतो. पळून आलेली जोडपी तिथे येतात, ऐपत नसलेले येतात आणि ऐपत असून शहाणे असलेलेही येतात. कार्तिकी यात्रेच्या दिवसांत मात्र तिथे वारकऱ्यांची गर्दी असते, तेव्हाची तारीख धरू नका.

वही बघून दादा म्हणाला, "आळंदीला केलं तर लोक म्हणतील पोरीने काहीतरी केलं असणार."

वहिनी म्हणाल्या, "लॉनवर केलं तर लोक म्हणतील पैसे कुठून आले."

पुतणी आतून आली. ती नर्सिंग झालीय, पुण्यात नोकरी करते. म्हणाली, "काका, पप्पांना एक विचारा. बाराशेतली किती माणसं माझ्या बारशाला होती? आणि उद्या मला काही झालं तर किती येतील? तेवढी बोलवा. बाकीच्यांना पेढे द्या."

दादा काही बोलला नाही. बराच वेळ वहीची पानं उलटत बसला. मग पाहुण्यांची यादी काढली आणि आम्ही तिघांनी मिळून एकेका नावापुढे खूण केली. एकच कसोटी. गेल्या पाच वर्षांत या माणसाने आपल्या दारात पाय ठेवलाय का, किंवा आपण त्याच्या? रात्री दोनला आकडा आला ३८०.

३८० माणसं म्हटल्यावर जागेचा प्रश्नच बदलला. लॉन नको झालं. मोठा मंडपही नको. आमच्या गावच्या मंदिरासमोर आमदार निधीतला सभामंडप आहे. पत्र्याचा, पण पक्का. वर्षातून सप्ताहाला आणि निवडणुकीच्या सभेला उघडतो. एरवी कुलूप. ठरलं, लग्न तिथेच.

जागा ठरवणाऱ्यांसाठी आमच्या धडपडीतून शिकलेलं थोडक्यात सांगतो.

आधी जागा बघू नका, आधी यादी करा. जागा मोठी घेतली की यादी आपोआप फुगते. उलटं कधी होत नाही.

भाडं विचारताना ताबा किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ते विचारा. हळदीचे वेगळे पैसे आहेत का? वीज, जनरेटरचं डिझेल, साफसफाई, खोल्या भाड्यात आहेत का? बाहेरचा आचारी, बाहेरचा डेकोरेशनवाला चालतो का? नाही म्हणाले तर तो खर्च भाड्यातच धरा.

ताटांची हमी किती, ते बघा. पाचशेची हमी दिली आणि साडेतीनशे आले तरी पैसे पाचशेचेच जातात.

तारीख रद्द झाली तर ॲडव्हान्सचं काय, हे कागदावर घ्या. जीएसटी सांगितला असेल तर जीएसटी नंबर असलेली पक्की पावतीही मागा. तोंडी टक्का आणि कच्ची पावती, हे चालवून घेऊ नका.

रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, हा २००० सालापासूनचा नियम आहे. दहानंतरच्या डीजेचं पॅकेज कोणी विकत असेल तर तो तुम्हाला पोलिसांची भेट विकतोय.

आणि आपल्या भागात संध्याकाळचा गोरज मुहूर्त धरणार असाल तर बिबट्याचा विचार करा. हसू नका. दुचाकीवर लेकराबाळांना घेऊन उसाच्या कडेने रात्री दहाला परतणारी माणसं आपलीच असतात. दुपारचा मुहूर्त, दिवसाउजेडी पंगत, हे आता आपल्या तालुक्यात शहाणपण आहे.

ज्यांना एवढंही नको त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. जोतीरावांच्या पानसुपारीच्या लग्नाला आज कायद्याचा पक्का आधार आहे.

आता शेवटचा मुद्दा, जो माझ्या मते खरा मुद्दा आहे.

इतिहासात लग्न साधं झालं ते दोनदाच. एकदा टंचाईने, जेव्हा सगळ्यांचेच हात बांधले होते. आणि एकदा विचाराने, जेव्हा थोड्या लोकांनी शिव्या खाऊन ते केलं. टंचाईची वाट बघायची नाही. आणि विचाराने करणारा माणूस एकटा पडला की टिकत नाही, हे ओतूरच्या खटल्यातून समजतं. बाळाजी पाटील कोर्टात उभे राहू शकले, कारण त्यांच्या पाठीशी सत्यशोधक मंडळी होती.

म्हणून हे गावाने मिळून करायला हवं. माझी मागणी साधी आहे. येत्या ग्रामसभेत आमच्या गावात आम्ही विषय मांडणार आहोत. गावचा सभामंडप लग्नासाठी ठरलेल्या भाड्यात द्यावा आणि दरपत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं. सगळ्या जातींना, सगळ्या आळ्यांना एकच दर आणि एकच नियम. गावकीची भांडी पुन्हा उभी करावीत. शौचालय आणि पाण्याची टाकी त्या भाड्यातूनच नीट ठेवावी. आणि स्टेजवर सत्कार नाहीत. कोणाचेच नाहीत.

मांडव हायवेवर गेला कारण गावाने हात काढून घेतले. परत आणायचा तर हात परत द्यावे लागतील. माझ्या पुतणीच्या लग्नात मी स्वतः वाढायला असणार आहे. भाचे आणि पुतणे मिळून चौदा जणांनी नावं दिलीत. वाढप्यांचे पैसे वाचले. तो पैसा दादाने तिच्या नावावर टाकायचं ठरवलंय.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग चांगलं झालं. आमच्या लग्नापेक्षा तीनशे माणसं जास्तच की."

तुमच्या गावात सभामंडप आहे का? उघडा असतो की कुलूप? किल्ली कोणाकडे असते? तेवढं जरूर सांगा. आणि यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा.